क्रमान्वित अध्ययन साहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या गतीने, पायरीपायरीने शिकवणारे आणि शिकवता शिकवताच तपासणारे साहित्य लिहू पाहणारे शिक्षक, बी.एड.चे प्रात्यक्षिक किंवा एम.एड.चा लघुप्रबंध हाती घेतलेले विद्यार्थी आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्रमान्वित अध्ययन म्हणजे नेमके काय? पाठ्यपुस्तकातही धड्याखाली स्वाध्याय असतोच, मग फरक कुठे?

फरक प्रश्नाच्या जागेत आणि त्याच्या कामात आहे. पाठ्यपुस्तकात आधी सगळा धडा वाचायचा आणि मग स्वाध्याय सोडवायचा असतो, त्यामुळे दुसऱ्याच परिच्छेदात झालेला गैरसमज धडा संपेपर्यंत तसाच राहतो आणि पुढचे सगळे वाचन त्याच्यावर रचले जाते. क्रमान्वित साहित्यात मजकूर लहान तुकड्यांत मांडलेला असतो. या तुकड्यांना चौकटी म्हणतात. प्रत्येक चौकटीत थोडी माहिती, विद्यार्थ्याने स्वतः द्यायचा प्रतिसाद आणि तो बरोबर होता की नाही याची लगेच पडताळणी असते. काही पुस्तकांत याच पद्धतीला अभिक्रमित अध्ययन असे नाव दिलेले आढळेल, दोन्ही एकच.

२. ही कल्पना मुळात कोणाची?

एकाची नाही. पहिल्या पानावर सांगितलेले काम केल्याशिवाय दुसरे पान दिसूच नये असे पुस्तक बनवता आले तर शिक्षकाचे पुष्कळसे काम छापील मजकुरावर सोपवता येईल, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१२ मध्ये लिहून ठेवले होते. ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बहुपर्यायी प्रश्न विचारणारे एक छोटे यंत्र तयार केले. योग्य कळ दाबेपर्यंत ते पुढचा प्रश्न दाखवत नसे. मात्र प्रेसींचे यंत्र आधी शिकलेल्या गोष्टी तपासण्यासाठी आणि पक्क्या करण्यासाठी होते.

नवे ज्ञान मुळापासून चौकटींतूनच द्यावे, हा विचार हार्वर्डच्या बी. एफ. स्किनर यांनी मांडला. १९५३ मध्ये ते आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले असता त्यांना दोन गोष्टी खटकल्या : वर्गातील सर्व मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कळण्यासाठी थांबावे लागत होते. १९५४ मध्ये त्यांनी यावरचा आपला लेख प्रसिद्ध केला आणि अध्यापन यंत्राचे प्रात्यक्षिकही दाखवले. याच दशकाच्या अखेरीस नॉर्मन क्राउडर यांनी शाखीय पद्धत पुढे आणली (प्रश्न ४). भारतात १९६० च्या दशकात या विषयाला चालना मिळाली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने त्यात पुढाकार घेतला.

३. चौकटींची मालिका प्रत्यक्षात कशी दिसते? मराठीतले उदाहरण मिळेल का?

सामान्यरूप शिकवणाऱ्या मालिकेची सुरुवात पुढे दिली आहे. कंसातील उत्तर विद्यार्थ्यापासून झाकलेले असते.

चौकट १ : आपण ‘घोडाला’ म्हणत नाही, ‘घोड्याला’ म्हणतो. त्याचप्रमाणे ‘रस्ता’ + ‘ला’ = ______ (रस्त्याला)

चौकट २ : दुसरा प्रत्यय लावला तरी शब्दात तोच बदल होतो. ‘ओढा’ + ‘चा’ = ______ (ओढ्याचा)

चौकट ३ : प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे बदललेले रूप तयार होते त्याला सामान्यरूप म्हणतात. ‘घोडा’ या शब्दाचे सामान्यरूप ‘घोड्या’. ‘आंबा’ या शब्दाचे सामान्यरूप ______ (आंब्या)

चौकट ४ : ‘शाळा’ हा शब्दही आकारान्त आहे. ‘शाळा’ + ‘ला’ = ______ (शाळेला)

चौकट ५ : ‘घोडा’, ‘रस्ता’, ‘आंबा’ यांच्यात शेवटच्या ‘आ’चा ‘या’ झाला, ‘शाळा’मध्ये झाला नाही. हा फरक शब्दाच्या ______मुळे पडला. (लिंगामुळे)

चौकट ६ : ‘काका’ हा शब्द आकारान्त आणि पुल्लिंगी आहे. तरीही ‘काका’ + ‘ला’ = ______ (काकाला)

सहाव्या चौकटीनंतर ‘मामा’, ‘दादा’ अशा नात्यांच्या शब्दांकडे जाता येते. नियम आधी सांगून उदाहरणे मागे लावलेली नाहीत. विद्यार्थी उदाहरणे स्वतः लिहितो आणि पाचव्या चौकटीत नियमाचा कळीचा शब्द त्यालाच भरावा लागतो. उदाहरणांची निवडही पारखून करावी लागते. दुसऱ्या चौकटीत ‘मुलगा’ घेतला असता तर उत्तर ‘मुलाचा’ आले असते आणि नुकता बसू लागलेला नियम तिथेच मोडला असता.

४. रेषीय साहित्य लिहावे की शाखीय?

रेषीय म्हणजे स्किनर यांच्या पद्धतीत सर्व विद्यार्थी त्याच चौकटींतून त्याच क्रमाने जातात. फक्त गती प्रत्येकाची वेगळी असते. उत्तर विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे असते आणि चूक शक्यतो होऊच नये अशा बेताने पायऱ्या लहान ठेवलेल्या असतात. क्राउडर यांनी अमेरिकी हवाई दलात इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील बिघाड शोधण्याचे प्रशिक्षण देण्याचे काम केले होते, आणि त्यांचा दृष्टिकोन वेगळा होता. त्यांच्या मते चूक होणारच. ती कोणत्या समजुतीतून झाली हे ओळखून त्या विद्यार्थ्याला त्याच्या चुकीचे उत्तर देणाऱ्या पानावर पाठवले पाहिजे. म्हणून शाखीय साहित्यात मजकूर थोडा मोठा असतो, प्रश्न बहुपर्यायी असतो आणि प्रत्येक पर्याय वेगळ्या पानाकडे नेतो.

शाखीय चौकटीचा कस चुकीच्या पर्यायांत लागतो. १/२ + १/३ या बेरजेसाठी पुढील पर्याय दिले आहेत असे समजू : ५/६, २/५, २/६ आणि १/६. २/५ निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. २/६ निवडणाऱ्याने छेदांचा लसावि बरोबर काढला, पण अंश त्या प्रमाणात वाढवले नाहीत. १/६ निवडणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार किंवा वजाबाकी केली. या तिघांना एकच ‘उत्तर चुकले, पुन्हा वाचा’ असे पान दाखवणे म्हणजे शाखीय पद्धतीचे सोंग आहे. दुसऱ्याला तर निम्म्याहून अधिक गोष्ट कळलेली आहे आणि त्याच्या पानाने तेथूनच सुरुवात करायला हवी. नेहमी होणाऱ्या चुका ज्याला वर्गातून माहीत आहेत त्यानेच शाखीय साहित्य लिहावे. ज्याला त्या अजून माहीत नाहीत त्याने रेषीय साहित्यापासून सुरुवात करावी आणि पडताळणीत, म्हणजे साहित्य मुलांवर वापरून पाहताना, मिळालेल्या चुका जपून ठेवाव्यात (प्रश्न ९).

५. मधल्या प्रश्नांना गुण द्यायचे का?

देऊ नयेत. गुण आले की विद्यार्थी चूक लपवू लागतो, आणि चौकटीतील प्रश्नाचा सगळा उपयोग चूक उघड होण्यात आहे. गुण द्यायचेच असतील तर ते मालिका संपल्यावरच्या उत्तरचाचणीला द्यावेत. पूर्वचाचणीलाही गुण नसावेत. कोणाला पहिल्या काही चौकटी वगळता येतील आणि कोणाला आधी पूर्वतयारी करून घ्यावी लागेल, एवढेच ती सांगते.

६. मुले आधी उत्तर पाहतात आणि मग रिकामी जागा भरतात. यावर उपाय काय?

ही तक्रार पद्धतीइतकीच जुनी आहे आणि ती क्षुल्लक नाही. रिचर्ड अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्रतिसाद देण्याआधीच उत्तर पाहता येणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिकणे प्रतिसादानंतर उत्तर पाहणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचे दिसले. छापील पुस्तिकेत उत्तर त्याच ओळीत समासात छापून वर सरकती पट्टी ठेवण्याची रीत आहे, पण पट्टी सरकवायला काहीच कष्ट पडत नाहीत. उत्तर पान उलटल्यावर दिसेल अशी मांडणी थोडी बरी. एका चौकटीचे उत्तर पुढच्या पानावर, त्याखाली नवी चौकट, अशी रचना करता येते. वर्गात वापरताना उत्तर शाईने लिहायला सांगणे आणि चुकलेले उत्तर खोडू न देता त्याच्याशेजारी बरोबर उत्तर लिहायला लावणे, हा साधा नियम बराच उपयोगी पडतो. अर्थात प्रश्न ५ मधील सूचना पाळली नाही तर यातले काहीच चालत नाही.

तरीही मुले डोकावत असतील तर दोष बहुधा चौकटींचाच असतो. फार सोप्या आणि एकसारख्या चौकटींची रांग समोर आली की मोठी माणसेही उत्तर पाहून पुढे सरकतात.

७. माझ्या विद्यार्थ्यांची चौकटींतली जवळजवळ सर्व उत्तरे बरोबर येतात, पण उत्तरचाचणीत त्यांना काहीच आठवत नाही. असे का होते?

कारण चौकटीतील उत्तर मजकूर न समजताही भरता येत असावे. एक उदाहरण घेऊ : ‘सह्याद्री पर्वत अरबी समुद्राला साधारण समांतर आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकण आहे आणि पूर्वेला दख्खनचे पठार आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला दख्खनचे प______ आहे.’ येथे विद्यार्थ्याला फक्त वरच्या ओळीतला शब्द खाली उतरवायचा आहे. पश्चिम, समांतर, समुद्र यांतील एकही शब्द त्याने वाचला नाही तरी चालते. पहिल्या अक्षराचा संकेत तर सरळ हातात उत्तर ठेवतो.

स्किनर यांचे सहकारी जेम्स हॉलंड यांनी याची एक सुंदर कसोटी सुचवली होती. उत्तरावर परिणाम न होता चौकटीतील किती मजकूर काळा करून टाकता येतो, हे पाहायचे. काही विद्यार्थ्यांना मूळ चौकटी द्याव्यात आणि तितक्याच इतर विद्यार्थ्यांना मजकूर झाकलेल्या चौकटी द्याव्यात. चुकांचे प्रमाण सारखेच राहिले तर झाकलेला मजकूर शिकवत नव्हता, फक्त जागा अडवत होता. वरच्या चौकटीत पहिले वाक्य सहज झाकता येते. तीच चौकट ‘मुंबईहून पुण्याला जाताना सह्याद्री ओलांडला की आपण ______ वर येतो’ अशी केली, तर विद्यार्थ्याला दिशांचा विचार करावा लागतो आणि वरचा मजकूर उपयोगी पडतो.

लेखकांनी इतर कोणतीही कसोटी वगळली तरी ही वगळू नये, असे मला वाटते. चौकटीतील प्रश्न विद्यार्थ्याकडून नेमके तेच काम करवून घेत असेल जे त्याला शिकायचे आहे, तरच ती चौकट ठेवण्यालायक आहे.

८. पायरी किती लहान असावी?

याचे उत्तर शब्दसंख्येत देता येत नाही, कारण पायरीचा आकार विद्यार्थ्यावर अवलंबून असतो. प्रश्न ३ मधील मालिका मराठी घरात वाढलेल्या मुलासाठी आहे. ‘रस्त्याला’ हे रूप त्याच्या तोंडी आधीपासूनच आहे. त्याला केवळ त्यामागचा नियम ओळखायचा आहे, म्हणून सहा चौकटींत अपवादापर्यंत जाता येते. २०२० च्या अधिनियमानुसार महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाल्यावर अनेक अमराठी मुले हाच भाग शिकू लागली. त्यांच्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीच्या मध्ये सरावाच्या चौकटी लागतील आणि पाचव्या चौकटीआधी लिंग ओळखण्याची स्वतंत्र मालिकाच हवी. पायरी अवघड पडते आहे की कंटाळवाणी, हे पडताळणीतूनच समजते.

९. त्रुटीदर कसा काढतात, आणि ९०/९० हा निकष काय आहे?

सर्व विद्यार्थ्यांच्या एकूण चुकांना १०० ने गुणून, विद्यार्थिसंख्या आणि चौकटींची संख्या यांच्या गुणाकाराने भागायचे. २० विद्यार्थी, ४० चौकटी आणि एकूण ४८ चुका असतील तर ४८ × १०० ÷ (२० × ४०), म्हणजे त्रुटीदर ६ टक्के. रेषीय साहित्यात तो सामान्यतः ५ ते १० टक्क्यांच्या आत असावा असे मानतात. शाखीय साहित्याला ही मर्यादा लावू नये. तेथे चुकाच विद्यार्थ्याला योग्य शाखेकडे नेतात.

लघुप्रबंधांत हा आकडा काढून प्रकरण संपवले जाते, हे बरोबर नाही. त्या ४८ पैकी १७ चुका एकाच चौकटीत झाल्या असतील तर सरासरी ६ टक्के असूनही ती चौकट मोडलेली आहे, आणि बहुतेक वेळा दोष तिच्या आधीच्या एक-दोन चौकटींत सापडतो. म्हणून चौकटीनिहाय तक्ता करावा आणि किती चुकले याबरोबर काय लिहून चुकले हेही नोंदवावे.

९०/९० म्हणजे ९० टक्के विद्यार्थ्यांनी उत्तरचाचणीत किमान ९० टक्के गुण मिळवणे. काही जण ८०/८० ठेवतात. निकष कोणताही घ्या, तो पडताळणीपूर्वी ठरवावा. निकष पूर्ण झाला नाही तर साहित्य नापास झाले असे समजून ते दुरुस्त करायचे असते.

१०. पडताळणी किती मुलांवर करावी?

आधी एकेका विद्यार्थ्याशेजारी बसून, मग लहान गटावर आणि शेवटी पूर्ण वर्गावर. पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून तोच सर्वाधिक टाळला जातो. शेजारी बसल्यावर मूल कुठे थबकते, कोणता शब्द दोनदा वाचते हे दिसते. तक्त्यात ते उतरत नाही. या टप्प्यावर वर्गातील सर्वांत हुशार मूल निवडू नये, कारण ते तुमच्या चौकटीतील उणीव स्वतःच भरून काढते.

११. ‘स्वतःच्या गतीने’ म्हणजे मुदत द्यायचीच नाही का?

मुदत पूर्ण काढून टाकल्यास अनेक विद्यार्थी शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीच करत नाहीत. फ्रेड केलर यांनी सहकाऱ्यांसह ब्राझिलिया विद्यापीठात १९६४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९६८ च्या लेखाने प्रसिद्ध झालेल्या योजनेत प्रत्येक घटकावर प्रभुत्व मिळवल्यावरच पुढचा घटक दिला जाई आणि चाचणी पुन्हा देण्याबद्दल शिक्षा नसे. ही योजना जेथे जेथे वापरली गेली तेथे चालढकल हीच तिची मोठी अडचण ठरली. मधला मार्ग असा : प्रत्येक घटकासाठी ‘या तारखेपर्यंत पहिला प्रयत्न झालाच पाहिजे’ अशी मुदत ठेवावी, पण घटक पूर्ण करण्याच्या गतीवर आणि प्रयत्नांच्या संख्येवर बंधन घालू नये.

१२. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तिका, ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम, कुमॉनच्या कार्यपत्रिका या सगळ्यांना क्रमान्वित म्हणता येईल का?

नाही, पण ते या घराण्यातले आहेत. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्या पुस्तिकांत उद्दिष्टे, लहान उपघटक आणि मध्येच येणारे स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न असतात. तेथे उत्तर न देताही पान उलटता येते, म्हणून त्यांना स्वयं-अध्ययन साहित्य म्हणणे अचूक ठरेल. ‘स्वयम्’वरील बहुतेक अभ्यासक्रमांना आठवड्यांचे वेळापत्रक आणि स्वाध्यायांच्या मुदती असतात; तेथे गती विद्यार्थ्याची नसते. जपानमध्ये तोरू कुमॉन यांनी १९५४ मध्ये आपल्या मुलासाठी सुरू केलेल्या कार्यपत्रिका पायऱ्यांच्या बाबतीत फार काटेकोर आहेत, परंतु तेथे तपासणी पत्रिका पूर्ण झाल्यावर होते.

१३. मग शिक्षकाला काय काम उरते?

बहुवर्ग शाळेत काम केलेला शिक्षक हा प्रश्न विचारत नाही. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी ‘अध्ययन शिडी’ विकसित केली. त्यात परिचय, सराव, मूल्यमापन आणि उपचार यांची वेगवेगळी कार्डे असतात आणि आपण शिडीच्या कोणत्या पायरीवर आहोत हे मूल स्वतः पाहून पुढचे कार्ड घेते. त्यामुळे एकाच खोलीत वेगवेगळ्या इयत्तांची मुले असली तरी, कार्डावर अडलेल्या दोन-तीन मुलांजवळ बसायला शिक्षकाला वेळ मिळतो. पंचवीस मुलांसमोर एकच स्पष्टीकरण देण्यापेक्षा हे काम अवघड आहे, सोपे नाही.

१४. कोणत्या विषयांना ही पद्धत लागू पडत नाही?

जेथे एकाहून अधिक उत्तरे योग्य असतात तेथे. निबंधलेखन, कवितेचे रसग्रहण, वादविवाद यांना चौकटीत बसवले की लेखकाचे मत हेच बरोबर उत्तर होऊन बसते. मात्र अशा विषयांचाही काही भाग क्रमबद्ध करता येतो : वृत्ताच्या मात्रा मोजणे शिकवता येते, कविता आवडणे नाही.

१५. गूगल फॉर्मवर शाखीय साहित्य करता येते का?

येते. प्रत्येक चौकटीसाठी वेगळा विभाग करून बहुपर्यायी प्रश्नात उत्तरानुसार वेगळ्या विभागाकडे पाठवण्याची सोय वापरावी. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकाहून अधिक पर्याय निवडण्याच्या प्रश्नाला ही सोय नाही. शिवाय क्विझ म्हणून दिलेला अभिप्राय फॉर्म सादर केल्यावरच दिसतो, म्हणून स्पष्टीकरण पुढच्या विभागाच्या मजकुरातच लिहावे. मूडल या ऑनलाइन अध्यापन प्रणालीतील ‘लेसन’ हा घटक याच कामासाठी आहे आणि शाखा वाढल्यावर तो अधिक सोयीचा पडतो.

१६. इंग्रजीतील चांगल्या साहित्याचे सरळ भाषांतर करून वापरले तर?

चौकटींचा क्रम घेता येतो, चौकटी घेता येत नाहीत. मराठीत लिंगाप्रमाणे विशेषणे आणि क्रियापदे बदलतात आणि त्यांतून उत्तर फुटते. ‘शरीराच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणारा अवयव ______’ यात अडचण नाही. मात्र ‘हालचालींवर नियंत्रण ठेवणारा ______’ असे लिहून हृदय, यकृत, फुप्फुस आणि मेंदू हे पर्याय दिले, तर पहिले तीन नपुंसकलिंगी असल्यामुळे शरीरशास्त्राचा गंध नसलेले मूलही मेंदू निवडेल. विभक्तिप्रत्ययही असाच घात करतात : ‘______ने’ या जागेत सामान्यरूप बसत नसलेला पर्याय आपोआप बाद होतो. पर्याय एकाच लिंगाचे घ्यावेत किंवा वाक्य असे फिरवावे की रिकाम्या जागेशी काहीच जुळवावे लागणार नाही. मग प्रश्न ७ मधील झाकण्याची कसोटी मराठी मसुद्यावर नव्याने लावावी. मूळ साहित्य त्या कसोटीला उतरले होते, हा पुरावा येथे चालत नाही.

१७. संगणकावर विद्यार्थ्याने लिहिलेले बरोबर उत्तरही चूक ठरते. काय करावे?

टंकलिखित उत्तर तपासणारी प्रणाली अक्षरे जुळवते, अर्थ जुळवत नाही. कोणी देवनागरी ‘५’ लिहितो, कोणी इंग्रजी ‘5’; कोणी ‘लसावि’ लिहितो, कोणी ‘लघुतम साधारण विभाज्य’; ‘हृदय’ऐवजी ‘ह्रदय’ तर सर्रास लिहिले जाते. शब्दाच्या शेवटी पडलेली मोकळी जागाही पुरते. पहिल्या पडताळणीत आलेली सर्व उत्तरे पाहून स्वीकारार्ह रूपांची यादी वाढवावी. शुद्धलेखन हाच धड्याचा विषय नसेल तर लेखनातील चूक असलेले रूप स्वीकारून पुढच्या चौकटीत शुद्ध रूप दाखवावे. ज्या जागेसाठी ही यादी संपतच नाही, ती जागा बहुधा नीट विचारलेली नसते. तेथे प्रश्नच बदलावा.